डाव्या हाताची आठवण

समृद्धी चौगुलेच्या हातून पहिलं आधण जळालं, तेव्हा तिचा डावा हात हवेत होता.

उजवा हात आपलं काम चोख करत होता. काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, आधण म्हणून चढवलेला उसाचा रस अडीच तास उकळून घट्ट, सोनेरी झाला होता, बुडबुडे मोठे होऊन फुटत होते आणि लांब दांड्याचा झारा तळापासून रस फिरवत होता. समृद्धीने आयुष्यात याआधी कधी झारा धरला नव्हता. तरी मनगट कसं वळवायचं, कुठे थांबायचं, वाफेचा चटका चुकवायला मान किती मागे घ्यायची, हे सगळं तिच्या हातापायांना ठाऊक होतं. आणि अचानक, कुणीतरी दोरीने ओढावा तसा तिचा डावा हात खांद्याच्या वर गेला. पंजा उघडा, समोरच्या भिंतीकडे. गेला तो तिथेच राहिला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. आता काहीतरी व्हायचंय, ते झालं की हात आपोआप खाली येईल, असं तिला अगदी आतून वाटत होतं. काय व्हायचंय ते मात्र कळेना. भिंतीवर भट्टीच्या यंत्राचा पडदा लटकत होता, त्यावर हिरवे आकडे होते. आकडे तिच्याकडे बघत होते आणि ती आकड्यांकडे.

"आगं उतरीव! काहील उतरीव की! कुणाला टाटा करालीस?" दारातल्या खुर्चीतून आबा ओरडले.

तोवर उशीर झाला होता. जळक्या गुळाचा वास सोनाळवाडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि गावाला कळायचं ते कळलं.

आबा म्हणजे आनंदा चौगुले, वय अडुसष्ट. भोगावतीच्या काठावरचे नावाजलेले गुळव्या. गुऱ्हाळात दहा माणसं राबतात, पण काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरवायची हे ठरवतो तो गुळव्या. क्षणभर आधी उतरवली तर गूळ धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. आबांनी तो क्षण चाळीस वर्षं सांभाळला. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काहिलीच्या आचेसमोर उभं राहायला सक्त मनाई केली. बोलायला मनाई केली नव्हती, ही डॉक्टरांची चूक. तेव्हापासून आबा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तोंडाने गूळ करत असत, आणि तो कुणालाच जमत नसे.

इकडे गूळ उत्पादक संघाने ठरवलं होतं की खोऱ्यातली जुनी गुऱ्हाळं पाडायची आणि त्या जागी पोलादी बंद टाक्यांचे, पावडर गूळ करणारे प्रकल्प उभे करायचे. एकच गुऱ्हाळ जुन्या पद्धतीचं ठेवायचं, तेही त्याचा गूळ पूर्वीच्या तोडीचा असला तर. चौगुल्यांच्या गुऱ्हाळाची परीक्षा पुढच्या शुक्रवारी होती. संघाची समिती समोर बसून एक आधण बघणार, चाखणार आणि हो किंवा नाही सांगणार. समृद्धी पुण्यातली नोकरी सोडून आली होती ती या एका 'हो'साठी. गुऱ्हाळ पडलं तर आबाही फार दिवस उभे राहणार नाहीत, अशी तिला भीती होती आणि ती भीती ती कुणाला बोलून दाखवत नव्हती.

म्हणूनच तिने हातवळण यंत्राची वाट धरली होती.

सन २०४७ मध्ये हे यंत्र काही नवलाचं राहिलं नव्हतं. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. शर्वाणी टिपणीस यांनी पहिल्याच भेटीत तिला आणि आबांना समोर बसवून ते समजावून सांगितलं होतं.

"काका, गूळ उतरवायची वेळ झाली हे तुम्हाला कसं कळतं?"

"कळतंय की," आबा म्हणाले.

"पण कसं?"

"कसं म्हंजे? कळतंय."

"छान!" डॉक्टरांना मनापासून आनंद झाला. "माणसाची आठवण दोन प्रकारची असते. एक सबोध. काल काय जेवलात, लग्न कोणत्या साली झालं, शेजाऱ्याशी कशावरून वाजलं, हे तुम्ही आठवून सांगू शकता. दुसरी अबोध. सायकलवर तोल कसा सांभाळता, सदऱ्याचं बटण न बघता कसं लावता, हे सांगता येत नाही, फक्त करता येतं. दोघींची मेंदूतली घरंही वेगवेगळी. गेल्या शतकात एका रुग्णाच्या मेंदूचा एक भाग शस्त्रक्रियेत काढावा लागला आणि त्याची नवी सबोध आठवण तयार होणंच बंद झालं. त्याला रोज आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला देत. रोज तो म्हणायचा, हे मी आज पहिल्यांदाच करतोय. आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चालायचा. तो विसरत होता, त्याचा हात विसरत नव्हता."

"म्हंजे माझं डोकं न्हाई, हात शाणा हाय म्हणा की," आबा म्हणाले, आणि त्यांना ते फारसं आवडलं नाही.

यंत्राचं काम या दुसऱ्या आठवणीशी होतं. देणाऱ्याच्या डोक्यावर टोपी चढवायची, त्याला त्याच्या कामाच्या वातावरणात उभं करायचं आणि लहान मेंदूतल्या हालचाली टिपून घ्यायच्या. मग घेणाऱ्याने एकवीस दिवस दुपारी तशीच टोपी घालून झोपायचं. झोपेत मेंदू नाहीतरी दिवसभराची उजळणी करत असतो, तेव्हा यंत्र त्याला दुसऱ्याची उजळणी करायला लावतं. लोक अशा रीतीने पोहायला शिकत होते, शिवायला शिकत होते. एक धोका डॉक्टरांनी आधीच सांगितला होता. अबोध आठवणीला नाव नसतं, गाव नसतं, तारीख नसते, पण आवडनिवड असते. हाताबरोबर तीही थोडी येते. इचलकरंजीच्या एका सुनेने सासूच्या हातची भाकरी घेतली, तर भाकरीसोबत तिला सासूच्या जावेचा रागही आला. आता दोघी मिळून त्या जावेला टाळतात आणि घरात शांतता आहे.

आबांना प्रयोगशाळेत छोट्या काहिलीसमोर, थंड शेगडीवर, रसाच्या वासात उभं केलं. हात आपोआप चालू लागले. मध्येच डावा हात वर जाऊन थांबला. डॉक्टरांनी विचारलं, "हे काय केलंत?" आबांनी हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "कुठं काय? दम खाल्ला जरा." डॉक्टरांनी वहीत 'विश्रांती' असं लिहिलं. चूक झाली ती इथे.

एकवीस दुपारींनंतर समृद्धी उठली तेव्हा तिला कान खाजवायची नवी सवय लागली होती, गल्लीतल्या कुत्र्यांवर ती विनाकारण खेकसत होती आणि चहा बशीत ओतून पीत होती. आई म्हणाली, "एक गुळव्या सोसत न्हवता, आता घरात दोन झालं."

आणि पहिलं आधण जळालं.

दुसऱ्या आधणाला तिने डावा हात जीनच्या खिशात कोंबून ठेवला. तर उजवाही रुसला. झारा मध्येच थांबला आणि गूळ इतका पातळ उतरला की शेजारीपाजारी तांबे भरभरून काकवी घेऊन गेले. तिसऱ्या वेळी तिने यंत्राच्या भट्टीलाच वेळ लावून दिली: अमुक मिनिटाला आच कमी. आच एकदम तुटली, गुळाला रवा आला नाही, ढेप दाबली तर बोटाला चिकटून वर आली.

"आमची नोंद पूर्ण आहे," डॉ. टिपणीस फोनवर म्हणाल्या. "वडिलांना विचारा ना, हात वर जातो तेव्हा त्यांना काय हवं असतं?"

तिने संध्याकाळी विचारलं.

"ऊसच आता पहिल्यासारखा ऱ्हायला न्हाई," आबा म्हणाले. गेली कित्येक वर्षं कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर होतं.

"आबा, यंत्राच्या भट्टीआधी जाळावर कोण असायचं?"

"असायचं कोणतर. जाळ काय, कोण बी लावतंय."

आईने आत भांडं जरा जोरात ठेवलं.

जाळावर कोण असायचं हे समृद्धीलाही ठाऊक होतंच. केरबा सुतार. पंचवीस वर्षं तो काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं टाकत होता. नऊ वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गूळ प्रदर्शनात या जोडीचं आधण चारचौघांत करपलं. आबा म्हणाले, जाळ जास्त लावला. केरबा म्हणाला, काहील उशिरा उतरवली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. नंतर आबांनी जाळावर अकरा माणसं बदलली आणि एकही धड निघाला नाही. मग यंत्राची भट्टी आली. पण गुळाचं श्रेय गुळव्याचं, जाळवाला म्हणजे नुसता हमाल, असं सगळं खोरंच मानायचं, त्यामुळे केरबाचा विचार ना आबांनी केला, ना डॉक्टरांनी, ना समृद्धीने.

मंगळवारी सकाळी ती डेअरीत दूध घालायला गेली. रांगेत तिच्या पुढे केरबा उभा होता. सत्तरी ओलांडलेला, काटक, खांद्यावर टॉवेल. रिवाजाप्रमाणे दोघांनी तोंडं फिरवायला हवी होती. केरबाने फिरवलंही. पण समृद्धीला काहीतरी विचित्रच झालं. सगळा आठवडा ताठलेले तिचे खांदे सैल पडले. घरी पोचल्यासारखं बरं वाटलं, डेअरीच्या रांगेत, आणि तेही केरबाच्या पाठीकडे बघून.

मग तिचा उजवा हात कमरेशी गेला, नसलेल्या खिशातून नसलेली चंची काढली, डाव्या तळव्यावर नसलेली तंबाखू टाकली. अंगठ्याने चार वेळा मळली, दोन टाळ्या मारल्या आणि चिमूट पुढे धरली. समृद्धीने जन्मात तंबाखूला हात लावलेला नव्हता.

टाळ्यांचा आवाज ऐकून केरबा वळला. त्याचं लक्ष दुधाच्या काट्याकडे होतं. त्याने न बघताच हात पुढे केला, ती रिकामी चिमूट घेतली आणि ओठाखाली ठेवलीसुद्धा.

मग दोघंही थिजले.

"ह्ये काय हुतं?" केरबाने ओठ पुसत विचारलं.

समृद्धीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काही न बोलता तिने डावा हात खांद्याच्या वर नेला, पंजा उघडा. केरबाचा उजवा पाय एक पाऊल मागे गेला, कंबर वाकली आणि त्याच्या दोन्ही हातांनी हवेतल्या लोखंडी आकड्याने हवेतलं जळण झपकन मागे ओढलं. समृद्धीचा हात आपोआप खाली आला. इतके दिवस तो ज्याची वाट बघत होता ते अखेर झालं होतं.

"तात्या," ती म्हणाली, "आबांचा हात अजून तुमची वाट बघालाय."

डेअरीच्या ओट्यावर बसून तिने त्याला सगळं सांगितलं: यंत्र, टोपी, जळलेलं आधण. केरबाने शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याचा हात आला म्हंतीस, मग त्याचा सोभाव बी आला काय?"

"थोडा. कुत्र्यांवर खेकसते मी."

केरबा हसला, आणि लगेच आपण हसलो याचा त्याला राग आला. "त्या भिंतीला झरोका हुता. वाफंतनं मला नुसता त्याचा हात दिसायचा. हात वर गेला की जाळ ओढायचा. पर नुसता ओढून न्हाई चालत. मागं थोडा इंगळ ठेवाय लागतोय, पोराला निजवून हळूच उठतोय तसं. ह्ये त्यानं मला कधी सांगितलं न्हाई, मी त्याला इचारलं न्हाई."

"शुक्रवारी याल?"

"त्यानं बोलवाय पायजे," केरबा म्हणाला आणि दुधाची किटली घेऊन निघून गेला.

डॉ. टिपणीसांना तिने फोन करून हे सगळं सांगितलं. "म्हणजे कौशल्य एका माणसात नव्हतंच," त्या म्हणाल्या. "अर्धं वर, अर्धं खाली. तुमच्या वडिलांच्या अबोध आठवणीत केरबा आहेत, पण नावाने नाहीत. आणि सबोध आठवणीची गंमत अशी की ती आपण जितक्या वेळा काढतो, तितक्या वेळा थोडी नव्याने लिहिली जाते. रागात आठवली तर रागात लिहिली जाते. नऊ वर्षांत त्यांनी केरबांना गोष्टीतून खोडून काढलं असेल, आणि ते खोटं बोलत नसतील. त्यांना खरंच तसं आठवत असेल."

"केरबातात्यांची नोंद घेऊन दुसऱ्या कुणाला देता येईल?"

"येईल. एकवीस दिवस लागतील."

समृद्धीकडे तीन होते.

त्या दुपारी तिने आबांपुढे विषय काढला. "आबा, केरबातात्यांना हाक मारा. तुम्ही एक शब्द बोललात तर ते येतील."

"त्याचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाई."

"तुमचा हात त्यांना विसरला नाही."

"हाताला काय अक्कल हाय?" आबा ताडकन म्हणाले. "अक्कल मला हाय. समद्या जिल्ह्यापुढं माझा गूळ जाळला त्यानं. गुऱ्हाळ पडलं तर पडू दे." हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. ती उठून आत गेली आणि आईच्या पाठीशी उभी राहून थोडी रडली.

शुक्रवारी सकाळी समिती यायच्या तासभर आधी, गुऱ्हाळाच्या मागच्या अंगाला कसला तरी आवाज झाला. समृद्धी धावत गेली. केरबा चुलवाणाच्या खड्ड्यात उतरून यंत्राच्या भट्टीची नळी ओढून काढत होता.

"मी त्याच्यासाठी न्हाई आलो," तो वर न बघता म्हणाला. "पंचवीस वर्सं ह्या चुलवाणाला जाळ घातलाय. ते पाडाय निघाल्यावर घरात बसवंना, म्हणून आलोय. त्याला सांगायचं न्हाई. आधण उतरलं की मी मागच्या मागं जाणार. तू बी हाक मारायची न्हाईस. हाय कबूल?"

"कबूल," समृद्धी म्हणाली. दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

तिने आत येऊन भिंतीवरचा पडदा काढला. त्याच्यामागे वीतभर चौकोनी झरोका होता, धुराने काळवंडलेला.

दहा वाजता समिती आली. अध्यक्षा मगदूम मॅडम, बरोबर दोन सभासद आणि एक फोटोवाला. मगदूम मॅडम कडक बाई. त्यांच्या जिभेवर आजवर सोळा गुऱ्हाळं नापास झाली होती. आबा दारातल्या खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या सुरू झाले. मळी नीट काढ. भेंडीचा रस आता घाल. अशी न्हाई, तशी. झारा हाय का चमचा?

रस उकळू लागला. खाली जाळ धडधडत होता, दोन फेकी आणि एक थांबा, दोन फेकी आणि एक थांबा. समृद्धी झारा फिरवत होती, आणि अर्ध्या तासाने तिच्या लक्षात आलं की आबांचा आवाज येत नाही. तिने चोरून बघितलं. आबा खुर्चीत मागे टेकून बसले होते, हात मांडीवर सैल, चेहरा निवांत. ऑपरेशननंतर गुऱ्हाळात ते असे गप्प कधी बसलेच नव्हते. आपण का गप्प आहोत, हे बहुधा त्यांनाही कळलं नव्हतं.

अडीच तास गेले. रस सोनेरी झाला, बुडबुडे मोठे होऊन फुटू लागले, वास बदलला. समृद्धीचा डावा हात वर गेला. आणि दारातल्या खुर्चीत आबांचाही डावा हात वर गेला, अगदी त्याच क्षणी.

खालचा जाळ हळूच मागे सरकला. तुटला नाही, मागे सरकला. काहिलीतलं उधाण एक लांब श्वास सोडून खाली बसलं. समृद्धीचा हात खाली आला, बोटं पाण्यात बुडली, उकळत्या रसाला भिडली, परत पाण्यात आली. बोटांत रसाची गोळी आली, कडक, टणक. "उतरवा!" तिने आरोळी ठोकली, माणसांनी साखळी ओढली, काहील कलली आणि गूळ थंड करायच्या वाफ्यात सांडला, पिवळाधमक, जड. ती आनंदाने अक्षरशः उडी मारणार होती, पण हातात अजून झारा होता.

आबांचा हात मात्र अजून हवेत होता. ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी झरोक्याकडे बघितलं.

गूळ निवायला वेळ लागला. मगदूम मॅडमनी तुकडा तोडला, रवा बघितला, वास घेतला, जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मग त्यांनी दुसरा तुकडा मागितला. समितीत दुसरा तुकडा मागायची पद्धत नव्हती, म्हणून बाकीचे दोघं सभासद एकमेकांकडे बघू लागले.

"हे गुऱ्हाळ राहील," मगदूम मॅडम तोंड भरलेलंच असताना म्हणाल्या.

गलका झाला, टाळ्या झाल्या, आईने पदराने डोळे पुसले. त्या गलक्यातही समृद्धीला मागच्या दाराची कडी वाजलेली ऐकू आली. केरबा निघाला होता, बोलल्याप्रमाणे. तिचे खांदे एकदम जड झाले, आणि ते जडपण तिचं स्वतःचं नव्हतं. तिच्या अंगातल्या उसन्या आठवणीला पक्कं कळत होतं की कुणीतरी आपलं चाललंय. पण त्या आठवणीला नाव ठाऊक नव्हतं, आणि हाक मारायला नाव लागतं. तिला ठाऊक असलेलं नाव तिने शब्द देऊन गिळून टाकलं होतं. ते नाव आता एकाच माणसाला घेता येणार होतं.

तिने दाराकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

आबा भिंतीला धरत धरत मागच्या दाराशी पोचले होते. समृद्धी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. उसाच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेवर केरबाची पाठ लांब लांब चालली होती. आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. केरबा बांधाच्या वळणाशी पोचला. अजून चार पावलं, की तो दिसेनासा होणार होता. समृद्धीने स्वतःचेच ओठ दाताखाली घट्ट धरले.

"केरब्या!"

पाठ थांबली. वळली मात्र नाही.

आबांनी दम घेतला आणि म्हणाले, "त्या दिवशी जाळ जास्तच हुता!"

समृद्धीने कपाळावर हात मारून घेतला. नऊ वर्षांनी तोंड उघडलं ते यासाठी!

केरबा गर्रकन वळला. "जाळ बरोबर हुता! काहील उतरवाय तू उशीर केलास!"

"मी? मी हात वर केलता!"

"कवा केलतास? मी डोळं फाडून बगत हुतो! वाफंत काय दिसंल तर शपथ!"

"वाफ हुती?" आबांनी विचारलं.

"म्हंजे? किती थंडी पडलीती त्या दिवशी! मांडवात तोंडाला तोंड दिसत न्हवतं!"

आबा दाराच्या चौकटीला टेकले. हात वर गेला होता. वाफेमुळे तो दिसला नव्हता. एवढीच गोष्ट होती, आणि नऊ वर्षांत ती कुणी कुणाला विचारली नव्हती.

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस व्हय? समद्या जिल्ह्यापुढं मला हमाल म्हणालास!" बोलता बोलता केरबा पायवाटेने परत येत होता, आणि ते त्याच्या ध्यानात आलेलं दिसत नव्हतं.

"म्हणालो," आबा म्हणाले. "चुकलं माझं." हे मात्र त्यांनी इतक्या हळू म्हटलं की फक्त समृद्धीला ऐकू गेलं.

"काय म्हणालास?" केरबाने कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल. समद्या जिल्ह्याला ऐकू यील असं बोल. आन दुसरी गोष्ट, त्या आदल्या सालचं आधण..."

"आरं, ये की जवळ. बस आधी," आबा म्हणाले आणि पुढच्या दारातली आपली खुर्ची स्वतःच ओढत आणून त्याच्यासमोर ठेवली. "उभ्यानं काय भांडतोस?"

केरबा बसला. आबा शेजारी चिपाडाच्या भाऱ्यावर टेकले. आणि मग जेवण निवून गेलं तरी दोघं उठले नाहीत, नऊ वर्षांचं पोटभर भांडत बसले.